जोडीतली दुसरी बाटली

८ जानेवारी

निळ्या,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट भिरकावण्याआधी एवढं वाच: कोणी गेलेलं नाही, कोणाचं लग्न ठरलेलं नाही आणि मी समेट करायलाही बसलेले नाही. काम आहे म्हणून लिहिते आहे. काम संपलं की आपापल्या घरी तोंड फिरवून बसायला दोघंही मोकळे. आणि नावावरून चिडू नकोस. निळीच्या हौदात पडून महिनाभर निळा हिंडलास, तेव्हा ते नाव गल्लीने ठेवलं, मी नाही.

तुला मधुमेह झालाय हे मला तुझ्या लेकीकडून कळलं. तिच्यावर डोळे वटारू नकोस. आत्याशी बोलायला बापाची परवानगी लागत नाही. वर रक्तात चरबी वाढली आहे आणि डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं तू फाटकापर्यंत जाऊन भागवतोस, हेही तिनेच सांगितलं. मलाही तेच दोन्ही आहे. बाबांची कृपा. आपली कापड रंगवायची रंगशाळा बंद झाली, हौद बुजवले, कढया विकल्या, पण ही इस्टेट मात्र दोघांना सारखी मिळाली. हिच्यावरून तरी भांडायला नको.

आता काम. इथल्या इस्पितळात एक अभ्यास चालला आहे. डाळिंबाच्या अर्काने मधुमेही माणसाचं कोलेस्टेरॉल उतरतं का, ते बघायचं आहे. त्यांना सख्खी भावंडं हवी आहेत, दोघंही मधुमेही. जोडीतल्या एकाला खरा अर्क, दुसऱ्याला तसंच दिसणारं, तसंच लागणारं खोटं पाणी. कोणाला काय, ते आपल्यालाही कळणार नाही आणि देणाऱ्यालाही नाही. रोजच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. तुझ्या बाटल्या तुझ्या गावच्या दवाखान्यात येतील, शेवटचं रक्त मात्र इथे येऊन द्यायचं. जोडीतला एक गळला की दुसराही बाद.

भावंडंच का, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या समजावायला लागल्या आणि मला अर्ध्यातच कळलं. नवा रंग पारखताना आपण एकाच थानाचे दोन तुकडे करायचो, एक रंगात आणि एक नुसत्या पाण्यात. आपण दोघं एका थानाचे.

अर्कावर माझा विश्वास आहे असं समजू नकोस. फळं खाऊन माणसं अमर झाली असती तर फळवाल्याच्या घरी कोणी मेलं नसतं. पण बाबा हौदाच्या काठावर बसले आणि उठलेच नाहीत, तेव्हा ते ज्या वयाचे होते त्या वयाला तू यंदा पोचतो आहेस. जोडीत आलास तर कोणीतरी तुझं रक्त बघेल, छाती तपासेल, गोळ्या घेतल्यास का म्हणून विचारेल. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. मला तू जिवंत हवा आहेस.

फॉर्म जोडला आहे. सही खाली डावीकडे.

तुझी थोरली

२ फेब्रुवारी

निळ्या,

फॉर्म पोचला. सही आहे, आणखी एक अक्षर नाही. शाई संपली होती का? असो. सही केलीस हेच पुष्कळ. मी तो कागद डॉक्टरीणबाईंना देण्याआधी दोनदा उघडून बघितला, हे तुला सांगायचं नव्हतं, पण सांगून गेले.

पहिलं रक्त देऊन आले. उपाशीपोटी जायचं होतं, म्हणजे मी कशी असेन तुला ठाऊक आहे. रक्त घेणाऱ्या बाई मात्र शांत. नळी भरली तशी मी विचारलं, "आता हे कुठे नेणार?"

"फिरवणार."

"गावभर?"

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बघायचंय? या."

आत एक यंत्र आहे, बादलीएवढं. त्यात नळ्या समोरासमोर बसवतात आणि ते गरगर फिरतं. थांबलं, झाकण निघालं, माझी नळी बाहेर आली, आणि निळ्या, मी तोंडात बोटं घातली. एका रंगाचे दोन झाले होते. खाली दाट तांबडा, जवळजवळ काळा. वर पिवळा. कसा पिवळा सांगू? आपण फुलांपासून काढला, मुळांपासून काढला, सालींपासून काढला, पण उजेड आतून येतोय असा पिवळा आपल्या रंगशाळेत एकदाही उतरला नाही. आणि हा मी साठ वर्षं अंगात घेऊन हिंडते आहे! दुसऱ्यांच्या कापडांसाठी रंग शोधत!

थोडा गढूळ होता. मी कारण विचारलं, तर त्या म्हणाल्या, चरबी फार असली की असा दुधाळ दिसतो. कोलेस्टेरॉल मात्र डोळ्यांना दिसत नाही, ते मोजणीतच कळतं. जे दिसतं त्याच्यावरच माझं आयुष्य गेलं. त्याच नळीत माझ्या डोळ्यांसमोर आणखी काहीतरी होतं आणि मला ते दिसत नव्हतं. घरी येईपर्यंत मी रस्त्यात भेटेल त्या माणसाकडे बघत होते. भाजी निवडणारी बाई, सायकलवरचा म्हातारा, कुत्र्याला ओढत नेणारा तो लठ्ठ शिंपी. सगळ्यांच्या आत तो पिवळा, आणि एकालाही पत्ता नाही.

तुझं रक्त देऊन झालं असेल. तुला दाखवली का नळी? दाखवत नसतील तर भांड. भांडायला तुला शिकवायला नको.

तुझी थोरली

२० फेब्रुवारी

निळ्या,

तुझं उत्तर नाही. तुझी लेक सांगते की तू माझी पत्रं वाचून उशीखाली ठेवतोस. ठेव. उशी उंच झाली की मान दुखेल.

बाटल्या सुरू झाल्या. लहान, तपकिरी काचेच्या, औषधाच्या दुकानात असतात तशा. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी एकेक. गोड असेल म्हणून मी पहिली बाटली मोठ्या आशेने तोंडाला लावली, तर काय! तुरट. जीभ आवळून टाळूला चिकटते. लहानपणी तू पैज लावून डाळिंबाची साल चावली होतीस आणि मग सबंध दुपार तुझं तोंड उघडेना. घरात केवढी शांतता होती!

बाटल्या न्यायच्या दिवशी सगळ्या जोड्या बाहेरच्या बाकांवर बसतात. एक जोडी दोन म्हाताऱ्या भावांची आहे, दोघंही बसवर वाहक होते. ते सारखे एकमेकांचा चेहरा न्याहाळतात. थोरला म्हणतो, "तुझं खोटं आहे रे. तोंडावर तेज नाही." धाकटा म्हणतो, "तुझ्या तोंडावर तरी कधी होतं?" बाकीचे हसतात, पण मनातून सगळे तेच बघत असतात. मीही आरशात बघते. तेज नाही.

परवा डॉक्टरीणबाईंना एकटीला गाठलं. म्हटलं, "खरं सांगा, माझ्या बाटलीत काय आहे?"

"मला माहीत नाही."

"बरं, सांगू नका."

"अहो, खरंच माहीत नाही. माहीत असतं तर मी तुमच्याकडे वेगळ्या डोळ्यांनी बघितलं असतं. मग तुम्हाला बरं वाटलं नसतं तरी मला वाटत असल्यासारखं दिसलं असतं. म्हणून कोणाला काय दिलं त्याची चिठ्ठी मला कळणार नाही अशा ठिकाणी ठेवली आहे. मीच सांगितलं तसं."

आपण रंगारी लोक. गिऱ्हाइकाने विचारलं तर न येणारा रंगही आम्हाला येतो म्हणून सांगायचा, ही आपली रीत. आणि ही एवढी शिकलेली बाई, स्वतःचंच मन आपल्याला फसवील म्हणून त्याला दाराबाहेर उभं करते आणि वर हसून सांगते, मला माहीत नाही! मला त्या माहीत नसण्याचा हेवा वाटला, निळ्या. आणि त्या बाकांवरच्या माणसांचाही अचंबा वाटला. एवढी माणसं सकाळ-संध्याकाळ तोंड वाकडं करून काहीतरी पितात. आपण काय पितो ते ठाऊक नाही, उपयोग होईल की नाही ठाऊक नाही, आणि झालाच तर तो उद्या कोणा परक्याला व्हायचा. मी देवळात एवढी गप्प झाले नव्हते कधी.

चालतोस का?

तुझी थोरली

११ मार्च

निळ्या,

हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि कोणाला दाखवू नकोस. बायकोलाही नको.

मी अजून थोडं काम करते. गळपट्टे, रुमाल, कोणी आणून दिली तर एखादी चादर. काल सकाळी मेजावर हिराकसाच्या पाण्यात भिजवून पिळलेला पांढरा रुमाल पडला होता. बाटलीचं बूच उघडताना हात हलला आणि एक थेंब त्याच्यावर पडला.

पुढचं मी तुला सांगायला नको. थेंब पडला तिथे आधी राखाडी झाला, मग कडा पसरल्या आणि बघता बघता काळा. डाळिंबाची साल आणि हिराकसातलं लोखंड भेटले की होतो तोच काळा, ज्याच्यावर बाबांनी घर चालवलं. मी बघायला गेले नव्हते. पण दिसलं ते न दिसल्यासारखं कसं करू?

म्हणजे खरा अर्क माझ्याकडे आहे. आणि जोडीत एकच खरा असतो. म्हणजे तू इतके दिवस रंगीत पाणी पितो आहेस.

मी मेजापाशीच बसून राहिले. पहिल्यांदा काय वाटलं असेल मला? आनंद? नाही रे. बाबांच्या वयाला तू पोचतो आहेस, मी ते वय केव्हाच ओलांडून आले आहे. तुला यात ओढून घेतलं ते तुझ्या काळजीने, आणि नेमका घास माझ्याच तोंडात पडला. असा राग आला मला, कोणाला खरं आणि कोणाला खोटं त्याच्या चिठ्ठ्या काढणाऱ्या यंत्राचा!

कालपासून मी बाटली प्यायलेली नाही. कपाटात ठेवते आहे. इथून पुढच्या सगळ्या तुला पार्सलने पाठवीन, तू तुझ्या ओतून दे आणि या पी. हे लबाडीचं आहे ते मला कळतं. त्या बाईंनी स्वतःच्या मनाला दाराबाहेर उभं केलं आणि मी खिडकीतून आत शिरले. त्यांच्याकडे वर मान करून बघायची सोय राहिली नाही. पण त्यांना पुष्कळ जोड्या आहेत. मला भाऊ एकच आहे.

अर्काचा उपयोग होतो की नाही, हे कोणालाच माहीत नाही, हेही खरं. पण होत असेल तर तो तुझ्यात व्हावा. पाठवू का, एवढं कळव. एका शब्दात कळवलंस तरी चालेल.

ताई

१७ मार्च

ताई,

पाठवू नको.

एका शब्दात कळव म्हणालीस, त्याच्यापेक्षा एक जास्त लिहिला. आता बाकीचं लिहितो, कारण तू पार्सल बांधायला घेतलं असशील.

माझीही काळी झाली.

तुझ्यासारखा थेंब पडला-बिडला नाही. मी मुद्दाम केलं. बाटल्या आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी. आमच्या कापडगिरणीतून चिमूटभर हिराकस आणला, बशीत पाणी घेतलं, त्यात अर्क टाकला. शाई झाली. तू म्हणतेस मला आनंद झाला नाही. मला झाला. खोटं कशाला बोलू? म्हटलं, चला, आयुष्यात एकदा तरी खरा वाटा ताईच्या आधी माझ्याकडे आला. चार दिवस मी मिशीला पीळ देत प्यायलो.

मग तुझं ते पत्र आलं, बाकांवरच्या माणसांचं. तू आरशात तेज शोधतेस म्हणून लिहिलं होतंस. त्यानंतर बाटली घशाखाली जाईना. रोज वाटायचं की तिकडे म्हातारी बिचारी नुसतं पाणी पिते आहे आणि वर त्याचंच कौतुक लिहिते आहे. लिहायला बसलो की हात थांबायचा. काय लिहिणार, तुझ्या नशिबात खोटं आलं म्हणून?

आता डोकं वापर. दोघांच्या बाटल्या काळ्या कशा होतील? एकच खरी आहे ना? मग हिराकस खोटं बोलतोय का? हिराकस खोटं बोलत नाही, आपण दोघं गाढव आहोत. अगं, तो चहालाही काळं करतो. बाभळीच्या सालीला करतो. तुरट म्हणून जे जे आहे त्या सगळ्याला करतो. हे तूच मला शिकवलंस, कान धरून. ज्याने ते खोटं पाणी बनवलं, त्याने तुरटपणा आणायला काहीतरी तसलंच घातलं असणार. पण आपण साल कुटत वाढलो, आपल्याला काळा दिसला की सालच दिसते. दुसऱ्या कोणी भावंडांनी ही चूक केली नसती. त्यांना करताच आली नसती.

त्या बाईंना जाऊन सांग सगळं. मीही इथल्या दवाखान्यात सांगतो. जोडी बाद झाली तर झाली.

आणि फाटकाच्या पुढे गेलो. पुलापर्यंत.

निळ्या

(हे नाव पत्रात चालेल. चारचौघांत नको.)

२५ मार्च

निळ्या,

तुझं पत्र मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग इतकी हसले की शेजारीण विचारायला आली. "म्हातारी बिचारी" हे शब्द मी लक्षात ठेवले आहेत. भेटशील तेव्हा बघते.

चहा! चहा कसा सुचला नाही मला?

डॉक्टरीणबाईंकडे गेले ते कपाटातल्या बाटल्या पिशवीत घालूनच. रुमालही नेला. सगळं सांगितलं, तुझंही सांगितलं, शेवटी म्हटलं, "काढा आम्हाला बाहेर. पण त्याचं रक्त आणि छाती तपासत राहा, एवढं करा."

त्यांनी रुमाल हातात घेतला, तो काळा ठिपका खिडकीच्या उजेडात धरला. मग कुठेतरी फोन लावला. बराच वेळ हं, हं करत होत्या. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत हसू होतं.

"ज्यांनी खोटा अर्क तयार केला ना, त्यांना विचारलं. ते म्हणाले, चव जुळवताना सगळ्यात जास्त वेळ तुरटपणाने खाल्ला. जीभ आवळली नाही तर लोक लगेच ओळखतील. म्हणून त्यांनी चहाच्या पानांतलं द्रव्य घातलं. दोन रंगाऱ्यांनी परीक्षा घेतली आणि दोघंही चकले, हे ऐकून ते इतके खूश झाले की विचारू नका."

"म्हणजे आम्हाला काहीच कळलेलं नाही?"

"काहीच नाही. मला जेवढं माहीत आहे तेवढंच तुम्हाला. या, बसा माझ्या पंक्तीला."

न प्यायलेल्या बाटल्यांची नोंद त्यांनी केली, मला दोन शब्द सुनावले, आणि तुझ्या वाटचे आणखी दोन. पण आपण जोडीत आहोत.

तो माणूस माझ्या डोक्यातून जात नाही, निळ्या. ज्याने खोटं पाणी बनवलं तो. खरं बनवणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. याने महिनोन्महिने बसून, चाखून, थुंकून, पुन्हा चाखून असं काही बनवलं की ज्याचा उपयोग शून्य व्हावा आणि जीभ, नाक, डोळा, हिराकस कोणालाही ते कळू नये. एवढी इमानदारी कोणी खोट्यात ओततो? मी जन्मात असं कसब बघितलेलं नाही. तुझ्या गिरणीतल्या पुडीच्या, रासायनिक रंगांना मी तेव्हा नावं ठेवली आणि तू पाठ फिरवून गेलास. पुडीचा रंग मला आजही आवडत नाही, ते मी मागे घेणार नाही. पण पुडीतसुद्धा कोणीतरी एवढाच जीव ओतला असेल, हे मला आता वाटायला लागलं आहे. हे वाचून शेफारू नकोस.

पुलापर्यंत गेलास हे दोनदा वाचलं.

शेवटच्या रक्तासाठी तुला इथे यायचं आहे. खोली झाडून ठेवते. चादर तुझ्या आवडीच्या रंगाची आहे. कोणता ते आल्यावर बघ.

ताई

१८ एप्रिल

निळ्या,

तू गेलास आणि घर मोठं झालं. चष्मा विसरलास, तो याच्याबरोबर पाठवते आहे.

एक सांगायचं राहिलं. समोर बोलले असते तर तू विषय बदलला असतास. रक्त देऊन झाल्यावर तू बाकावर वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलास, तेव्हा मी पुन्हा त्या यंत्रापाशी गेले होते. तोल राहावा म्हणून नळ्या समोरासमोर बसवतात म्हटलं ना, तर त्या बाईंनी तुझ्या समोर माझी बसवली. यंत्र सुरू झालं. इतकी वर्षं आपण एका गावात राहिलो नाही, आणि तिथे आपण दोघं एकमेकांना तोलून धरत गरगर फिरत होतो.

थांबल्यावर बाईंनी दोन्ही नळ्या घोडीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. मी म्हटलं, नळीवरची चिठ्ठी वाचू नका, मी ओळखते. सगळं आयुष्य दोन छटांमधला फरक सांगण्यात गेलं. एकाच रंगाचे सतरा प्रकार मला दुरून कळतात. मी वाकून बघितलं, चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. तोच पिवळा. तसूभरही फरक नाही. तुझी कोणती आणि माझी कोणती, मला सांगता आलं नाही.

मला रडू आलं. बाईंना वाटलं सुई दुखली. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

तुझे हात बघितले मी, जेवताना. नखं किती स्वच्छ. माझी बघ, कोपऱ्यांतला निळा जायचा नाही आता. तू काही बोलला नाहीस, पण पाणी द्यायला हात पुढे केलास तेव्हा माझ्या बोटांकडे जरा जास्तच वेळ बघितलंस. बरं वाटलं मला.

ताई

६ जून

निळ्या,

काल फोनवर तू घसा खाकरत राहिलास आणि मग "नंतर बोलतो" म्हणून ठेवून दिलास. तुझा "नंतर" किती वर्षांचा असतो ते मला माहीत आहे. म्हणून लगेच लिहिते आहे.

तुला तुझ्या दवाखान्यात कळलं, मला इथे कळलं. चिठ्ठ्या उघडल्या. खरा अर्क तुझ्याकडे होता. मी चहाचं पाणी प्यायले. तुझं कोलेस्टेरॉल उतरलं आणि माझं जिथल्या तिथे राहिलं. आणि तू म्हणालास, "ताई, सगळं मलाच मिळालं. तू सकाळ-संध्याकाळ तोंड वाकडं करून फुकट प्यायलीस."

आधी व्यवहाराचं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या जोड्यांना एकत्र बसवून सांगितलं ते तुलाही लागू आहे. एका जोडीवरून काही ठरत नाही. सगळ्या जोड्या मिळून बघितल्या तर अर्क घेणाऱ्यांचं थोडं उतरलं आहे, पण थोडंच. गोळ्या सोडाव्यात इतकं मुळीच नाही. अजून मोठा अभ्यास व्हायला हवा, मग बोलू, म्हणाल्या. वाहक भावांतल्या धाकट्याचं खरं निघालं, पण उतरलं मात्र काही नाही, आणि थोरला तेवढ्यावर खूश आहे. तुझ्या छातीच्या तपासणीत जी बारीक गडबड दिसली, तिच्यावर औषध सुरू झालं आहे. ते तू घ्यायचं आहेस. अभ्यासात आला नसतास तर ती कोणाला दिसली नसती. बाबांची कोणाला दिसली नाही. मला जे हवं होतं ते मला त्या दिवशीच मिळालं, अर्क-बिर्क सगळं बाजूलाच. मलाही चरबीची गोळी लिहून दिली आहे आणि मी ती घेते, न कुरकुरता. म्हणजे थोडी कुरकुरून.

आता तुझ्या "फुकट"बद्दल. काल चिठ्ठी वाचून दाखवल्यावर मी बाईंना विचारलं, "म्हणजे माझा काही उपयोग झाला नाही?" आवाज जरा चढलाच असेल माझा.

त्या उठून माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुमच्या भावाचं उतरलं हे मला कशावरून कळलं, सांगा? ऋतू बदलला म्हणून उतरलं असेल. चालायला लागले म्हणून उतरलं असेल. अभ्यासात आल्यापासून जपून खातात म्हणून उतरलं असेल. मी कशी सांगणार अर्काने उतरलं म्हणून? तुम्हीही चाललात, तुम्हीही जपून खाल्लंत, तुम्हीही तीच तुरट बाटली प्यायलात. आणि तुमचं हललं नाही. तुमच्यासारख्या सगळ्यांचं हललं नाही, म्हणून त्यांच्यासारख्यांचं जे थोडंसं उतरलं ते माझ्या नजरेला आलं. तुम्ही नसता तर माझ्याकडे नुसते आकडे होते."

निळ्या, मी जन्मभर काहीतरी करत आले. घर सांभाळलं, हौद सांभाळले, तुला सांभाळलं, तू नको म्हणत असताना सांभाळलं. आणि हे पहिलंच काम असं की ज्यात मी काही करायचंच नव्हतं. नुसतं होते तिथे राहायचं होतं, म्हणजे तुझं बरं झालेलं लोकांना दिसेल. मी खोलीबाहेर आले आणि जिन्यात कठडा धरून उभी राहिले. एवढी मोठी गोष्ट माझ्यावर सोपवलेली होती आणि मला कोणी सांगितलंही नव्हतं.

फुकट म्हणतोस? तुझं खरं ठरणार असेल तर ते पाणी मी आणखी जन्मभर प्यायले असते.

ताई